रॉबर्ट ऑरी आणि सात अंगठ्यांचा चुकलेला हिशेब

अमेरिकेच्या एनबीए लीगमधला निवृत्त खेळाडू रॉबर्ट ऑरी याचं नाव बास्केटबॉलच्या वादात निघतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी गप्प करण्यासाठी. कुणी म्हणतं, मायकेल जॉर्डनकडे विजेतेपदाच्या सहा अंगठ्या आहेत म्हणून तो सर्वश्रेष्ठ. लगेच उलटा प्रश्न येतो: ऑरीकडे सात आहेत, मग तो जॉर्डनपेक्षा मोठा का? पहिला निरुत्तर होतो, दुसऱ्याला जिंकल्यासारखं वाटतं आणि ज्याचं नाव घेतलं त्या माणसाच्या खेळाबद्दल एक शब्दही न बोलता विषय बदलतो. त्याला स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानदालनात, जागा मिळावी का, हा प्रश्नही असाच दोन आकड्यांत चिरडला जातो. बाजूने बोलणारे ‘सात’ म्हणतात, म्हणजे विजेतेपदं. विरोधात बोलणारेही ‘सात’च म्हणतात, म्हणजे एका सामन्यामागची गुणांची सरासरी. सातविरुद्ध सात अशी ही कुस्ती वर्षानुवर्षं चालू आहे, आणि माझ्या मते दोन्ही पैलवान चुकीच्या आखाड्यात उतरले आहेत.

माझं मत आधीच सांगतो. ऑरी हॉल ऑफ फेममध्ये असायला हवा. सात अंगठ्या हे त्याचं कारण नाही. मोठ्या सामन्यांत त्याने जे केलं ते हा खेळ पुढे कसा खेळला जाणार होता याची आगाऊ खूण होती, आणि ह्यूस्टन, लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅन अँटोनियो या तीन वेगवेगळ्या संघांच्या विजेतेपदांची गोष्ट त्याला वगळून सांगताच येत नाही, ही माझी कारणं आहेत. (आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘एच’ आहे, पण त्याचा उच्चार करत नाहीत. म्हणून ऑरी.)

आता विरोधकांचं ऐकू, आणि नीट ऐकू, कारण त्यांच्याकडे दारूगोळा कमी नाही. सोळा हंगाम, १,१०७ सामने, सरासरी ७.० गुण आणि ४.८ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू. एकदाही ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, नाही. लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन गुणांच्या फटक्यात कारकिर्दीतलं यश ३४.१ टक्के, म्हणजे साधारण. त्याच्या शेजारी आधी हकीम ओलाजुवान, मग शकील ओनील आणि कोबी ब्रायंट, मग टिम डंकन. अशी संगत मिळाली तर कोण जिंकणार नाही? शिवाय आठवणीचा दोष आहे. आत गेलेले फटके आपल्या डोक्यात राहतात, हुकलेले विरून जातात. २००३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, ऑरीने तीन गुणांचे ३८ फटके मारले आणि त्यातले दोन आत गेले. दोनच. त्यात सॅन अँटोनियोविरुद्धच्या मालिकेत १८ पैकी शून्य, आणि त्यातला एक तर पाचव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी रिंगच्या आत डोकावून बाहेर पडलेला. ऑरीचा तेव्हाचा संघ लेकर्स ती मालिका हरला. ‘बिग शॉट रॉब’ म्हणून त्याचा गजर करणाऱ्यांनी हे वर्ष सोयीने विसरू नये.

वागणुकीचंही आहे. फिनिक्समध्ये असताना त्याने स्वतःच्या प्रशिक्षकावर, डॅनी एंजवर, टॉवेल फेकला आणि जानेवारी १९९७ मध्ये त्याची लेकर्सला रवानगी झाली. त्याहून गंभीर गोष्ट १४ मे २००७ ची. फिनिक्सविरुद्धच्या मालिकेचा चौथा सामना, ऑरीचा तेव्हाचा संघ सॅन अँटोनियो हरत आलेला, शेवटचे काही सेकंद, आणि ऑरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला कमरेने धडक देऊन बाजूच्या टेबलावर ढकललं. त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली, पण बेंचवरून उठून पुढे आले म्हणून फिनिक्सचे अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डिआओ यांनाही एकेका सामन्याला मुकावं लागलं. दोन-दोन अशा बरोबरीत असलेल्या मालिकेचा पुढचा सामना सॅन अँटोनियोने तीन गुणांनी जिंकला. सातव्या अंगठीवर तो डाग आहे आणि तो पुसायचा प्रयत्न मी करणार नाही. तो फटका नव्हता, ती धडक होती, आणि तिने एका चांगल्या संघाचं वर्ष बिघडवलं.

एवढं सगळं मान्य केल्यावर माझ्या मताचं काय उरतं? पुष्कळ उरतं, कारण यातल्या बहुतेक आक्षेपांमागे एक गृहीत दडलेलं आहे: हॉल ऑफ फेम म्हणजे गुणांच्या सरासरीची गुणवत्ता यादी. तशी ती कधीच नव्हती. १९५९ च्या अगदी पहिल्या तुकडीत हँक लुइसेटी होता. स्टॅनफर्डचा हा विद्यार्थी व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर लाँग आयलंड विद्यापीठाची ४३ विजयांची मालिका त्याच्या संघाने तोडली, आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकांनी तेव्हा त्याचा एका हाताने मारलेला फटका पाहिला. तोवर दोन्ही हातांनी, पाय रोवून चेंडू टाकणं हेच शास्त्रशुद्ध मानलं जाई. लुइसेटीला घेताना हॉलने त्याच्या एकूण गुणांची बेरीज केली नसणार. खेळ त्याच्यामुळे कुठे वळला, हे पाहिलं असणार.

आणि बेरीजच करायची म्हटलं तरी दार केव्हाच उघडलेलं आहे. बोस्टनचा के. सी. जोन्स नऊ हंगाम खेळला, सरासरी ७.४ गुण, आठ विजेतेपदं. तो १९८९ पासून आत आहे. त्याच्यामागे कॉलेजची दोन अजिंक्यपदं आणि ऑलिंपिक सुवर्णही होतं हे खरं, पण व्यावसायिक कारकीर्द बचावाची आणि साथीदाराचीच. डेट्रॉइटचा बेन वॉलेस ५.७ गुणांच्या सरासरीने २०२१ मध्ये आत गेला. लेकर्सचा मायकेल कूपर तर २०२४ मध्ये गेला: ८.९ गुण, पाच विजेतेपदं, एकदाही ऑल-स्टार नाही. या तिघांपैकी कुणाच्याही निवडीवर माझा आक्षेप नाही. उलट मी म्हणेन, हॉलने शहाणपणा दाखवला. पण कूपरला आत घेतल्यानंतर ‘ऑरी कधी ऑल-स्टार नव्हता’ हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं? कूपरचं नाव वर्षातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून एकदा कोरलं गेलं, १९८७ मध्ये. ऑरीच्या कामासाठी तसा चषकच नाही. सुटसुटीत पुरस्कार नसलेलं काम क्षुद्र ठरतं का?

नेमकं काम कोणतं, हे सांगायला १९९५ मध्ये जावं लागतं, आणि तिथे थोडं रेंगाळावं लागतं, कारण ऑरीबद्दलच्या वादात सर्वांत कमी बोललं जातं ते याच वर्षाबद्दल. त्याआधीची हकिगत अशी की फेब्रुवारी १९९४ मध्ये ह्यूस्टनने ऑरीला विकलंच होतं. डेट्रॉइटच्या शॉन एलियटच्या बदल्यात तो जाणार होता. एलियटच्या वैद्यकीय तपासणीत मूत्रपिंडाचा दोष दिसला, व्यवहार मोडला, ऑरी परत आला. त्या जूनमध्ये ह्यूस्टनने न्यूयॉर्कला सात सामन्यांत हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात संघ अडखळला. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांनी ओटिस थॉर्प हा दणकट पॉवर फॉरवर्ड देऊन क्लाइड ड्रेक्सलरला आणलं. बाहेरून खेळणारा गार्ड मिळाला, पण ओलाजुवानच्या शेजारी बास्केटखाली धक्काबुक्की करायला माणूसच उरला नाही. ती जागा अखेर भरली कुणी? ६ फूट ९ इंच उंचीच्या, सडपातळ, मुळात बाहेरून खेळणाऱ्या ऑरीने.

त्या काळच्या समजुतीनुसार हा आत्मघात होता. पॉवर फॉरवर्ड म्हणजे चार्ल्स बार्कली, कार्ल मलोन. त्याने बास्केटखाली बूड टेकवून जागा अडवायची. ऑरी काय करी, तर तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन उभा राही. त्याच्यावर पहारा देणाऱ्या आडदांड गड्यापुढे मग दोनच वाटा उरत. आत थांबून ओलाजुवानला दुहेरी कोंडीत धरायचं तर ऑरी मोकळा. बाहेर यायचं तर ओलाजुवानसमोर एकटाच सेंटर, म्हणजे बास्केटखालचा सर्वांत उंच गडी, आणि त्या वर्षी त्याच्यासमोर एकट्याने टिकणारा सेंटर जगात नव्हता. फायनलमध्ये ओरलँडोच्या होरेस ग्रँटची याच पेचात दमछाक झाली. शिकागोत तीन विजेतेपदं जिंकून आलेला हा उत्तम बचावपटू चार सामने आत-बाहेर धावत राहिला. ऑरीने त्या फायनलमध्ये सरासरी १७.८ गुण आणि १० रिबाउंड मिळवले, दुसऱ्या सामन्यात सात वेळा चेंडू हिसकावला, आणि तिसऱ्या सामन्यात शेवटच्या पंधरा सेकंदांच्या आत ग्रँटच्याच डोक्यावरून तीन गुणांचा फटका मारून सामन्याचा निकाल लावला. सहाव्या मानांकनावरून आलेला संघ ४-० असा जिंकला. इतक्या खालच्या मानांकनावरून त्याआधी वा त्यानंतर कुणी विजेता झालेलं नाही.

यावर एक आक्षेप जाणकार घेतात आणि तो वजनदार आहे. त्या हंगामापासून तीन वर्षं लीगने तीन गुणांची रेषा सगळीकडे २२ फुटांवर आणली होती, एरवी ती समोरून पावणेचोवीस फुटांवर असते. म्हणजे फटका सोपा झाला होता. शिवाय सॅम पर्किन्ससारखे बाहेरून मारणारे उंच खेळाडू तेव्हाही होते, ऑरीने काही अग्नीचा शोध लावला नाही. दोन्ही मुद्दे मला मान्य. पण रेषा पूर्ववत झाल्यावर ऑरी बेंचवर जाऊन बसला का? २००१, २००२ आणि २००५ मधले त्याचे सर्वांत गाजलेले फटके जुन्याच, लांबच्या रेषेबाहेरचे आहेत. आणि बाहेरून मारणारा उंच माणूस संघात असणं वेगळं, त्याच्यावर सगळी रचना उभी करून फायनल जिंकणं वेगळं. आज एनबीएचा कुठलाही सामना लावा, पॉवर फॉरवर्ड रेषेबाहेर उभा दिसेल. नसेल तर समालोचक त्याचं कारण शोधायला लागतात. एकेकाळी सोय म्हणून केलेली तडजोड नियम होऊन बसली. लुइसेटीचा एका हाताचा फटका असाच नियम झाला होता.

संगतीचा आक्षेप आता पाहू. ओनील-कोबीच्या छायेत कुणीही जिंकला असता, असं म्हणणाऱ्यांना मी २००४ कडे बोट दाखवणार नाही. त्या वर्षी ऑरी सॅन अँटोनियोत गेलेला होता, लेकर्सकडे ओनील, कोबी, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चौघे असूनही ते फायनल हरले, आणि ऑरीचे चाहते हा दाखला फार वापरतात. तो लबाड दाखला आहे. त्या हरण्याला दहा कारणं होती. डंकनचा संघही ऑरीविना १९९९, २००३ आणि २०१४ मध्ये जिंकलाच की. ऑरीविना कुणी जिंकूच शकलं नसतं, असं मी म्हणत नाही. पण संगत हे स्पष्टीकरण एकदा पुरतं, फार तर दोनदा. रूडी टॉमजानोविच, फिल जॅक्सन, ग्रेग पॉपोविच या त्याच्या तिन्ही प्रशिक्षकांच्या खेळवण्याच्या पद्धती एकमेकांपासून कोसभर लांब होत्या. तिघांनाही अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत मैदानावर हाच गडी का हवा असे? सोळाच्या सोळा हंगामांत ज्याचा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, आणि निवृत्त झाला तेव्हा इतिहासात सर्वाधिक, म्हणजे २४४ प्लेऑफ सामने ज्याच्या नावावर होते, त्याचं नशीब मान्य केलं तरी नशिबाने इतकी वर्षं, इतक्या वेगवेगळ्या घरी नोकरी केली असं मानायचं का? हे २४४ सामने म्हणजे जवळजवळ तीन संपूर्ण हंगाम झाले. त्यांत त्याचे गुण, रिबाउंड आणि तीन गुणांचं यश हे तिन्ही आकडे नेहमीच्या हंगामापेक्षा वर जातात: ७.९, ५.६ आणि ३५.९ टक्के. समोर निवडक संघ असताना बहुतेकांचे आकडे घसरतात.

मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर २७ कसोटी खेळला. फलंदाजीची सरासरी २५.४२, गोलंदाजीत १८ बळी आणि तेही जवळजवळ साठच्या सरासरीने. नुसता हा तक्ता परक्या माणसाला दाखवला तर तो विचारेल, याला इतके सामने दिले कशाला? पण बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीला धार होती ती बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेटशिवाय वाकून उभ्या असलेल्या या माणसामुळेही. ५३ झेल, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. १९७१ च्या ओव्हल कसोटीत अ‍ॅलन नॉटचा त्याने सूर मारून घेतलेला झेल काढून टाका आणि मग १०१ धावांत इंग्लंड कोसळल्याची गोष्ट सांगून बघा. झेलाचा बळी गोलंदाजाच्या खात्यात जातो. ऑरी रेषेबाहेर उभा असल्यामुळे ओलाजुवानला जी मोकळीक मिळाली, तिचे गुणही ओलाजुवानच्याच खात्यात गेले. आपल्याकडे सोलकरबद्दल ‘पण सरासरी?’ असं कुणी विचारलं तर जुनी माणसं त्याच्याकडे कीव केल्यासारखी बघतात. तो न्याय ऑरीला लावायला काय हरकत आहे?

हुकलेल्या फटक्यांचा मुद्दा मी टाळत नाही. ३८ पैकी दोन हा भयानक आकडा आहे. पण ऑरी प्रत्येक वेळी यशस्वी होतो अशी दंतकथा माझ्या दाव्याचा आधारच नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये बिल मॅझरॉस्कीची फलंदाजीची सरासरी .२६० होती, म्हणजे बेताची. १३ ऑक्टोबर १९६० रोजी त्याने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात शेवटच्या फटक्यावर होमरन मारून बलाढ्य यँकीजना हरवलं, आणि क्षेत्ररक्षणात तो पिढीतला सर्वोत्तम होता. त्याला आत घ्यायला बेसबॉलने २००१ पर्यंत वेळ लावला, पण घेतलं. क्षण एकटा पुरत नाही हे बेसबॉलवाल्यांनाही माहीत होतं. क्षणाच्या मागे रोजचं, न दिसणारं, वरच्या दर्जाचं काम होतं. ऑरीकडे असा क्षण एक नाही. २००१ च्या फायनलचा तिसरा सामना, फिलाडेल्फियात, ओनील सहा फाऊल होऊन बाहेर गेलेला, शेवटच्या मिनिटात ऑरीचा फटका. २००२ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध चौथा सामना, लेकर्स मालिकेत १-२ ने मागे आणि त्या सामन्यात एका टप्प्यावर २४ गुणांनी मागे. कोबी हुकला, ओनील हुकला, सॅक्रामेंटोच्या व्लादी दिवाचने चेंडू धोक्याबाहेर म्हणून लांब ढकलला, तो थेट रेषेबाहेर उभ्या ऑरीकडे. १००-९९. तो तिथे उभा होता हा योगायोग, असं दिवाचच्या बाजूचे आजही म्हणतात. पण तो सात वर्षं तिथेच उभा राहत आला होता!

मग स्टीव्ह कर का नको, डेरेक फिशर का नको? पाच-पाच विजेतेपदं त्यांचीही आहेत. प्रश्न रास्त आहे. कर हा ऑरीहून कितीतरी अचूक फटकेबाज होता, फिशरने ०.४ सेकंदात सामना फिरवलेला आहे. पण करला बचावात लपवावं लागे, आणि फिशरची पाचही विजेतेपदं एकाच संघात, कोबीच्या सोबतीने आलेली. ऑरी उंच गड्यांना अडवू शके, चेंडू चोरू शके, पास देऊ शके आणि बाहेरून मारू शके, म्हणून कुठल्याही रचनेत बसे. कर-फिशर यांच्या नावांचीही चर्चा व्हावी, मला आनंदच होईल. दार किलकिलं केलं की गर्दी होईल या भीतीने लायक माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणं हे मला पटत नाही.

ही चर्चा सुधारत नाही याला हॉलची पद्धतही जबाबदार आहे. अंतिम फेरीत २४ जण मत देतात, १८ मतं मिळाली की प्रवेश. कुणी का मत दिलं, का नाही दिलं, हे कळत नाही, उमेदवाराला किती मतं पडली हेही जाहीर होत नाही. बेसबॉलचे पत्रकार मतदान करतात तेव्हा निदान आकडे छापून येतात, त्यावर भांडता येतं. इथे कारणंच समोर नाहीत, म्हणून लोक हाताला लागतील ते आकडे फेकतात. सात विरुद्ध सात.

१९ जून २००५ ची ती रात्र पुन्हा पाहा, आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये फायनलचा पाचवा सामना, मालिका २-२. तिसऱ्या डावाचे शेवटचे क्षण येईपर्यंत ऑरीच्या नावावर एकही गुण नव्हता. तिथून ओव्हरटाइम संपेपर्यंत त्याने २१ केले, दुखऱ्या खांद्यानिशी, पस्तिशीला टेकलेला असताना. ओव्हरटाइमचे दहा सेकंदांहून कमी उरले होते, सॅन अँटोनियो दोन गुणांनी मागे. ऑरीने चेंडू बाहेरून मानू जिनोबिलीकडे टाकला. डेट्रॉइटचा रशीद वॉलेस जिनोबिलीला कोंडायला कोपऱ्याकडे धावला आणि ऑरीला सोडलं. चेंडू परत आला. ९६-९५. त्या रात्री मैदानावर खेळलेल्यांपैकी डंकन, जिनोबिली, टोनी पार्कर, बेन वॉलेस आणि चॉन्सी बिलप्स आज स्प्रिंगफील्डमध्ये आहेत. बाजूला उभे असलेले दोन्ही प्रशिक्षक, पॉपोविच आणि लॅरी ब्राऊन, तेही आहेत.